ड्युअल झिऑनवरच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय की दोन प्रोसेसरची मशीन (ड्युअल झिऑन; झिऑन म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) मागितली तर मालकाने अर्धा तास लेक्चर दिलं, शेवटी एकाच प्रोसेसरची गळ्यात मारली, तीही चार दिवस उशिरा. आणि मित्राने तेवढ्याच पैशांत ५६ थ्रेडची, म्हणजे एकाच वेळी ५६ कामं हाती घेणारी, उभी केली, तुमच्या मशीनला जेमतेम २०.

उशिराचं आधी सांगतो. कॅबिनेट आलं तेच काचेला तडा गेलेलं, म्हणून परत पाठवलं. पण तुम्हाला एक फोन करायला हवा होता, तो आमच्याकडून राहिला. चूक आमची. लेक्चरही कबूल. शनिवारी संध्याकाळी लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या या कॉम्प्युटर बाजारात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा माझा आवाज जरा चढतो.

गळ्यात मारली, हे मात्र मान्य नाही.

५६ थ्रेड म्हणताय म्हणजे मित्राकडे बहुतेक झिऑन ई५-२६८० व्ही४ ची जोडी असणार, १४-१४ कोअरची. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एक हात, इथे प्रत्येकाचे दोन थ्रेड. २०१६ चा माल, डेटा सेंटरमधून निघालेला. स्वस्त मिळतो, खरंय. पण त्यातला एक कोअर जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झला पळतो. तुमच्या मशीनमधला इंटेलचा आय७-१२७०० प्रोसेसर पळतो ४.९ ला, आणि डिझाइनही बरंच नवं. तुमचं काम काय? लग्नाचं शूटिंग, प्रीमियर आणि फोटोशॉप. फोटोशॉपची बरीचशी कामं दोन-चार कोअरवरच चालतात, बाकीचे पन्नास थ्रेड नुसते बसून.

तुमचा कॅमेरा एच २६५ मध्ये फोर-टू-टू टेन-बिट फाइल देतो, म्हणजे रंगांची माहिती जास्त असलेला, घट्ट दाबून साठवलेला व्हिडिओ, हे तुम्हीच काउंटरवर सांगितलं होतंत. ती फाइल टाइमलाइनवर अडखळू नये म्हणून आय७ मधल्या ग्राफिक्सचा उपयोग होतो, ते ही फाइल थेट डीकोड करतं, म्हणजे उलगडून दाखवतं. त्या झिऑनमध्ये ग्राफिक्सच नाही. सगळा भार कोअरवर.

शिवाय दोन प्रोसेसर म्हणजे प्रत्येकाची रॅम वेगळी. एकाला दुसऱ्याच्या रॅममधलं काही हवं असलं की मधल्या लिंकवरून मागवायचं. शेजारच्यांच्या फ्रीजमधून दूध आणून चहा करण्यासारखं: चहा होतो, पण वेळ लागतो.

मला दोन प्रोसेसरचं वावडं आहे असं समजू नका. १९९९ मध्ये अ‍ॅबिटचा बीपी६ बोर्ड आला, त्यावर दोन सेलेरॉन बसायचे. मी तेव्हा याच रोडवर नोकरीला होतो, पगार साठवून घेतला. घरी विंडोज ९८ टाकलं आणि कळलं की त्याला दुसरा प्रोसेसर दिसतच नाही! दोन प्रोसेसर ओळखणारं विंडोज एनटी मिळेपर्यंत तो आपला शोभेला.

एवढं पोळूनही मागे एका आर्किटेक्टसाठी ड्युअल झिऑन बांधली तेव्हा मी तीच चूक केली. विंडोज होम टाकलं. टास्क मॅनेजर उघडला तर सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) एकच, थ्रेडचे चौकोन ५६ च्या जागी २८. होमला एकच सॉकेट चालतो, दोनसाठी प्रो लागतं. प्रोचे पैसे मी खिशातून भरले. ती मशीन आज त्यांच्याकडे ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरचे रेंडर, म्हणजे तयार चित्रं, रात्रभर काढते, कारण तिथे प्रत्येक थ्रेडला काम मिळतं. तुमचा मित्र असं काही करत असेल, किंवा एका मशीनवर आठ-दहा व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारे वेगळे कॉम्प्युटर) चालवत असेल, तर त्याने बरोबरच घेतलंय.

त्याला दोन गोष्टी तेवढ्या विचारा. मदरबोर्ड बिघडला तर तो कुठे दुरुस्त करणार? आणि विंडोज कुठलं? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ च्या अधिकृत यादीत ते झिऑन नाहीत.

स्टार बदला असं म्हणत नाही. एका लग्नाच्या शूटिंगचं मेमरी कार्ड घेऊन या, मित्रालाही मशीनसकट आणा. दोन्हीवर तीच टाइमलाइन ओढून बघू. तुमची अडखळली तर मशीन परत घेतो. फक्त शनिवार सोडून या.