राष्ट्राध्यक्षमहाशय, जमीन घेताय?

अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद मिळालं म्हटल्यावर देश थोडा वाढवावा असं वाटणं साहजिक आहे. आधी संविधान उघडा. नवी राज्यं संघात कशी घ्यायची ते त्यात आहे, हाती असलेल्या मुलखाचे नियम काँग्रेसने करायचे हेही आहे. नवा मुलूख विकत कोणी घ्यायचा, याबद्दल अवाक्षर नाही. घाबरू नका. तिसरे राष्ट्राध्यक्ष जेफरसनही आधी घाबरले होते.

१८०३ साली त्यांची माणसं पॅरिसला न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडाचं बघत होती. काँग्रेसने मंजूर केलेले वीस लाख डॉलर. सौदा ठरला दीड कोटीला, आणि पदरात पडला सगळा लुइझियाना, म्हणजे मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा फ्रान्सचा अफाट मुलूख! संविधानात लिहिलंय तेवढाच अधिकार, असं बजावत आलेल्या माणसाची ही पंचाईत. त्यांनी स्वतः घटनादुरुस्तीचा मसुदा केला. एका सिनेटरला कळवलं, की आपण अ.पा.क.सारखं (अज्ञान पालनकर्त्यासारखं) वागलो: अज्ञान मुलाच्या पैशातून लगतची जमीन घेतली, सज्ञान झाल्यावर मूल व्यवहार नाकारायला मोकळं. मग ऑगस्टमध्ये पॅरिसहून पत्र आलं, नेपोलियनचं मन फिरतंय. मंजुरीची मुदत ३० ऑक्टोबरपर्यंतच. लगेच मित्रांना निरोप गेला, घटनेच्या अडचणीबद्दल जितकं कमी बोलाल तितकं बरं. सिनेटने २० ऑक्टोबरला २४ विरुद्ध ७ मतांनी तह मंजूर केला. तेव्हा टोचणी लागलीच तर मसुदा जरूर लिहा, फक्त मुदतीआधी फडताळात टाका.

वकील सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या तपासाचा अहवाल, मागेल, देऊ नका. लुइझियाना तिसऱ्याला देणार नाही असा शब्द फ्रान्सने स्पेनला दिला होता. कबजाही स्पेनकडेच, फ्रान्सला तो ३० नोव्हेंबरला मिळाला आणि २० डिसेंबरला त्याने पुढे सरकवला. चतुःसीमा विचारल्यावर फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याने हात वर केले. पैसे सहा टक्के व्याजाच्या रोख्यांनी द्या. ते खपवायला लंडनची बेरिंग पेढी होती. इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं म्हणा, पण दलालीला कसलं युद्ध?

खरी अडचण सिनेटमधल्या दोन तृतीयांश मतांची. डोकी मोजल्याशिवाय तह पाठवू नका. राष्ट्राध्यक्ष ग्रँटनी १८७० मध्ये सांतो दोमिंगोचा (आजच्या डोमिनिकन रिपब्लिकचा) पाठवला, २८ विरुद्ध २८ वर आपटला. टेक्सासचा तह १८४४ मध्ये पडला तेव्हा राष्ट्राध्यक्ष टायलर मात्र हुशार निघाले. तोच मुलूख काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त ठरावाने आणला, कारण ठरावाला साधं बहुमत पुरतं. सिनेटमध्ये २७ विरुद्ध २५! सही केली १ मार्च १८४५ ला, खुर्ची सोडायला तीन दिवस उरले असताना.

तह झाला तरी तिजोरीची किल्ली प्रतिनिधिगृहाकडेच. रशियाकडून घेतलेल्या अलास्कावर झेंडा चढला ऑक्टोबर १८६७ मध्ये, बहात्तर लाख डॉलर सुटले पुढच्या ऑगस्टमध्ये.

ग्रीनलंडवर डोळा असेल तर मात्र घरचंच दप्तर तपासा. १९१६ साली डेन्मार्ककडून वेस्ट इंडीजमधली बेटं अडीच कोटी डॉलरना ठरवताना, सबंध ग्रीनलंडवर डेन्मार्कने अंमल बसवला तरी आमची हरकत नाही, असं अमेरिकेनेच लिहून दिलं आहे. तो कागद कुठल्या कपाटात आहे, तेवढं आधी विचारून घ्या.