हत्तीण एडिसनच्या नावावर कोणी टाकली?

आत्याने परवा घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे न वाचताच वर सरकवला. चूक झाली. काल सातवीतली भाची विज्ञान दिनाचं भाषण दाखवायला आली, तर वहीत तोच मेसेज जसाच्या तसा उतरलेला. थोडक्यात असा: एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, टेस्ला या संशोधकाने शोधली; जळकुकड्या एडिसनने ती बदनाम करायला चारचौघांत हत्तीण शॉक देऊन मारली; टेस्लाला कबूल केलेले ५० हजार डॉलर बुडवले; आणि टेस्ला जगाला फुकट वीज देणार म्हटल्यावर सावकार मॉर्गनने "मीटर कुठे लावायचा?" असं विचारून त्याचा बिनतारी वीज पाठवायचा टॉवर पाडला. हत्तिणीच्या वाक्यापुढे भाचीने पेन्सिलीने लिहिलं होतं, "इथे थांबायचं".

बरं, इथेच थांबू. हत्तिणीचं नाव टॉप्सी. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ४ जानेवारी १९०३ रोजी तिला मारलं. आता एडिसनच्या डीसीचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं, एसीशी भांडण कधीचं? १८८८ च्या आसपासचं. १८९२ मध्ये एडिसनची कंपनी दुसरीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली, त्याच्या हातातला कारभार गेला, आणि ही नवी कंपनी स्वतःच एसीची यंत्रं विकू लागली. १८९६ मध्ये नायगाऱ्याची एसी वीज बफेलो शहरात पोचली. सामना संपून प्रेक्षक घरी गेल्यावर सात वर्षांनी एडिसन हत्तीण कशाला मारेल?

मारली ती तिच्या मालकांनी. नवं मनोरंजन उद्यान उभं राहत होतं, हत्तीण अंगावर जाणारी, तिच्या पायी एक माणूस मेलेला. आधी तिकीट लावून फाशी द्यायचा बेत होता. प्राणीरक्षक संस्थेने हरकत घेतली, म्हणून मग गाजरातून सायनाइड, गळ्यात फास आणि ६,६०० व्होल्ट, असं सगळं एकदम. एडिसनचं नाव असलेल्या फिल्म कंपनीने ते चित्रित केलं. पायांखालून धूर निघतो आणि ती कोसळते, एवढीच जेमतेम मिनिटभराची फीत. तीच आज मोबाइलवर फिरते आणि नावामुळे खापर एडिसनवर फुटतं. आत्या, हे तू सातवीतल्या पोरीला बघायला दिलंस.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. एडिसन धुतल्या तांदळासारखा नव्हता. १८८८ मध्ये हॅरल्ड ब्राउन नावाच्या माणसाने एसी किती घातक आहे हे दाखवायला कुत्री मारली, वासरं आणि घोडाही मारला, आणि त्यासाठी एडिसनची प्रयोगशाळा वापरली. १८९० मध्ये विजेच्या खुर्चीत पहिला कैदी मेला, तो एडिसनचा एसीवाला प्रतिस्पर्धी वेस्टिंगहाउस याच्या जनित्रावर. यामागे एडिसनची फूस होती. म्हणजे हत्तिणीशिवायही सांगण्यासारखं पुष्कळ होतं की!

५० हजार आणि टॉवर या दोन मुद्द्यांवर मी काही बोलत नाही, टेस्लाच बोलेल. १९१९ मध्ये त्याने एका मासिकात आत्मचरित्र क्रमशः लिहिलं. त्यात ५० हजारांचं आश्वासन देणारा माणूस 'मॅनेजर' आहे, एडिसन नव्हे. एडिसनच्या पहिल्या भेटीबद्दल तर त्याने भारावून लिहिलंय. मॉर्गनबद्दल तो म्हणतो की त्याने दिलेला शब्द तंतोतंत पाळला, त्याच्याकडून आणखी अपेक्षा करणं गैर ठरलं असतं. मीटरचं वाक्य त्यात कुठेच नाही. टॉवर पडला १९१७ मध्ये, तेव्हा मॉर्गनला जाऊन चार वर्षं झाली होती. पाडला तो वाल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलवाल्यांनी, कारण टेस्लाच्या थकलेल्या बिलापोटी ती जागा त्यांच्याकडे गेली होती.

आणि एसी 'शोधली' म्हणाल, तर पॅरिसच्या पिक्सीचं हाताने फिरवायचं यंत्र १८३२ चं, बुडापेस्टच्या गांझ कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर १८८५ चा. टेस्लाची खरी करामत म्हणजे १८८८ च्या पेटंटमधली बहुकला मोटर (एकामागोमाग येणाऱ्या अनेक एसी प्रवाहांवर फिरणारी), आणि तिथेही इटलीचा फेरारिस स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपर्यंत पोचला होता. ही सगळी नावं भाषणात घे म्हटलं, तर भाची म्हणते, "मामा, तीनच मिनिटं आहेत."