निवडणुकोत्तर या!

आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण डिसेंबरात गायब झालं. कसं, ते जाऊ द्या. माझा डावा पाय त्यात गेला आणि चपलेशिवाय वर आला. तक्रार घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेलो, तर खिडकीतल्या बाईंनी अर्जावर लाल शाईनं एकच शब्द खरडला : 'निवडणुकोत्तर'.

आचारसंहितेत नवी कामं काढत नाहीत, ठाऊक आहे. पण झाकण काय उड्डाणपूल आहे?

१५ जानेवारी २०२६ला महापालिकेसाठी मत दिलं, सोमवारी बोटावरच्या खुणेसकट पुन्हा हजर.

"एवढ्यात कसं काका? निवडणुकोत्तर म्हटलंय."

"अहो, झाली की निवडणूक!"

"मग आता सुरू झालं. संपलंय का?"

मागून हात आला आणि माझा अर्ज अलगद काढून घेतला. भर मुंबईत माकडटोपी घातलेले एक आजोबा. "बरोबर बोलतायत त्या. स्वातंत्र्योत्तर काळ १९४७ला लागला, अजून चालूच आहे. तुम्हाला चार दिवसांत उरकायचंय!"

मी म्हटलं, 'मरणोत्तर' शब्दाला तरी काही मुदत असते.

"नेत्रदानाला असते. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. गटार काय, राहतं." मग चष्मा कपाळावर सारून : "मुळात शब्दच खोटा. फेब्रुवारी २०१७ला मतदान झालं, मार्च २०२२ला मुदत संपली, पुढं जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नाही. तो काळ उत्तर की पूर्व?"

"दोन्ही," मी चाचरत म्हणालो.

"म्हणजे काम कधी करायचं?"

रांगेतल्या चौघांनी मान डोलावली. एकानं 'उत्तर मुंबईवाल्यांची कामं होतात' असा भलताच धागा पकडला. आजोबांनी त्यालाही संधी सोडवून दाखवायला घेतलं. माझा अर्ज त्यांच्याच हातात. तो हलवत ते 'निवडणूक अधिक उत्तर' समजावत होते, आणि माझा नंबर मागच्या बाईंनी घेतला. या विद्वत्तेपायी मी पाऊण तास उभा होतो, तेही नव्या चपलांत. साडेचारशे रुपये. ते कुठल्या उत्तरकाळात मिळणार?

शेवटी अर्ज सोडवून खिडकीशी पोचलो, तेवढ्यात आतून पाटी लागली : 'जेवणाची सुट्टी १.३० ते २.००'.

बघा, मनात आलं की मिनिटासकट लिहिता येतं.