चांदरचं घर आणि आमचे नळे

रविवारी बहीण आणि भाच्यांना घेऊन गोव्यातल्या चांदर गावात ब्रागांझा घराण्याचं जुनं घर पाहायला गेलो. मडगावाहून अर्ध्या तासाची वाट, तरी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा! पुण्या-मुंबईचे पाहुणे आधी जाऊन येतात, आम्ही त्यांना फक्त रस्ता सांगतो.

समोरची खिडक्यांची रांग एका फोटोत मावत नाही. आत शिसवी खुर्च्या, चिनी मातीची भांडी, झुंबरं, नाचाचा हॉल. भाचे झुंबराखाली माना वर करून उभे. मी मात्र अडकलो तो पुस्तकांच्या कपाटांपाशी. लुईश दी मिनेझिस ब्रागांझा यांचा हा संग्रह. १९०० साली 'ओ हेराल्दो' हे पोर्तुगीज दैनिक सुरू करणाऱ्या दोघांपैकी ते एक. पोर्तुगीजांना पोर्तुगीजमध्येच सुनावणारा माणूस. १९३० साली वसाहतींच्या कायद्याविरुद्ध गोव्याच्या विधिमंडळात ठराव मांडला तोही यांनीच. पणजीत त्यांच्या नावाच्या संस्थेत व्याख्यानं किती ऐकली असतील. हे कोण, असं कधी मनात आलं नाही.

हे सरकारी संग्रहालय नव्हे. माणसं राहतात इथे. तिकीट नाही, निघताना देणगी ठेवायची. आमच्या पुढचे एक गृहस्थ म्हणाले, "सक्ती नाही ना? मग चला." मला असा राग आला! दर मिरगाआधी एवढ्या छपराचे नळे, म्हणजे कौलं, परतायचे, वाशांची वाळवी बघायची, याला काय लागतं ते कौलारू घरात वाढलेल्याला विचारा.

आम्हाला विचारू नका, कारण आम्ही हरलोय. पेडण्याकडचं आमचं घर, मध्ये चौक, तुळस, चारी बाजूंनी पडवी. वाटेकरी अकरा, मुंबईपासून दुबईपर्यंत पसरलेले. एकाची सही मिळाली तर दुसऱ्याची मिळत नाही. गेल्या पावसात मागची पडवी बसली. वाटण्यांमुळे घरं जातात, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. चांदरला पाहिलं तर तेही घर वाटलेलंच! जिना एक, वर गेल्यावर एका अंगाला एक शाखा, दुसऱ्या अंगाला दुसरी. दर्शनी भिंत मात्र अखंड.

परतताना धाकटा भाचा म्हणाला, "मामा, आपलं घर पण लोकांना दाखवूया." बहीण खिडकीबाहेर बघत राहिली.

चवथीला तरी सगळे येतात. इन्व्हेंतारची, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या दाव्याची, फाईल काढून ठेवली आहे, आणि नळे परतणाऱ्याचा नंबरही.