‘प्रॅग्मॅटिक’ शब्द ‘प्रज्ञामति’वरून आलेला नाही

पुण्यातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय की इंग्रजी ‘प्रॅग्मॅटिक’ हा आपल्या ‘प्रज्ञामतिक’चा अपभ्रंश आहे, त्याचा अर्थ पूर्वापार ‘व्यवहारचतुर’ असाच होता आणि १९०७ साली विल्यम जेम्स या अमेरिकन माणसाने त्यातून ‘फायद्याचं तेच खरं’ हे संधिसाधू तत्त्वज्ञान काढलं. भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेज ज्या गावात आहेत, तिथे हे न तपासता पुढे पाठवलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी मूळ बघू. ग्रीक ‘प्राग्मा’ म्हणजे केलेली गोष्ट, काम, प्रकरण. ‘करणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ते नाम झालं. ‘प्रॅक्टिस’ आणि ‘प्रॅक्टिकल’ही त्याच धातूचे. इथे ‘प्र’ हा उपसर्गच नाही, ‘प्राग्’ हा अख्खा धातू आहे. ‘मॅट’ही ‘मति’ नव्हे. ‘मा’ हा नाम करणारा ग्रीक प्रत्यय, पुढे काही जोडलं की त्याचं ‘मात्’ होतं, म्हणून ड्रामाचं ड्रॅमॅटिक होतं. या प्रत्ययाचा संस्कृतातला भाऊ ‘कर्मन्’, ‘नामन्’मधला ‘मन्’. ‘प्रज्ञा’ची ग्रीक जोड हवी असेल तर ती ‘प्रोग्नोसिस’मध्ये आहे. डॉक्टर आजाराची पुढची वाटचाल सांगताना वापरतात तो हा शब्द. त्यातला ‘प्रो’ आपल्या ‘प्र’चा आणि ‘ग्नो’ आपल्या ‘ज्ञा’चा सख्खा. ‘मति’चं नातं ‘ऑटोमॅटिक’शी निघतं. मात्र ही नाती बहिणींची आहेत: संस्कृत आणि ग्रीक एकाच जुन्या भाषेच्या लेकी, एकीने दुसरीकडून हे शब्द घेतलेले नाहीत. कानाला सारखं लागलं म्हणून नातं ठरत नाही, ध्वनी नियमाने बदललेले दिसावे लागतात. रा. गो. भांडारकरांनी १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतापासून मराठीपर्यंतचा प्रवास याच शिस्तीने मांडला होता.

अर्थही पूर्वापार एक नव्हता. रोमन वक्ता सिसेरोच्या लेखनात ‘प्राग्मातिकोस’ म्हणजे वक्त्याला थोड्या पैशांत कायद्याचे मुद्दे पुरवणारा ग्रीक माणूस. सोळाव्या शतकात इंग्रजीत शब्द आला तो लुडबुड्या, नको तिथे नाक खुपसणारा या अर्थाने. १७१३ सालच्या ऑस्ट्रियाच्या ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’मध्ये तो राज्यकारभाराच्या हुकमाला लागलेला दिसतो. आजचा ‘व्यवहारी’ हा अर्थ रुळला एकोणिसाव्या शतकात.

आता तत्त्वज्ञान. जेम्सचं ‘प्रॅग्मॅटिझम’ हे पुस्तक १९०७ चं, हे खरं. पण कल्पना चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाची, १८७८ च्या लेखातली. जेम्सने १८९८ मध्ये त्याचं नाव घेऊनच ती लोकांसमोर ठेवली. पर्सचं म्हणणं होतं की एखाद्या कल्पनेचा अर्थ कळायला तिचे व्यवहारात काय परिणाम होतील ते पाहा. यात स्वार्थ कुठे आला? जेम्सने सत्याला ‘सोयीचं’ म्हटलं आणि गैरसमजाला वाट मिळाली, हे मान्य. पण ‘दीर्घकाळात आणि एकंदरीत’ ही अट त्यानेच घातली होती. पर्सला मात्र शब्दाचा सैल वापर इतका खटकला की १९०५ मध्ये त्याने आपल्या मतासाठी ‘प्रॅग्मॅटिसिझम’ असं वेगळं नाव घेतलं.

याच परंपरेतले अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्याकडे बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९३६ साली जातिनिर्मूलनावर लिहिलेल्या भाषणात त्यांनी ड्यूईंचा उल्लेख ‘माझे गुरू’ असा केला, आणि मजकूर बदला असं लाहोरच्या आयोजकांनी सांगितल्यावर त्यांनी भाषण बदललं नाही, सभा रद्द होऊ दिली.