पीएच पडला की सोडा? आधी खिडकी उघडा

"खाऱ्या पाण्याच्या टाकीचा पीएच 8.3 च्या खाली गेला की मासे मरायला लागतात. रोज रात्री एक चमचा खायचा सोडा टाका, फरक नाही पडला तर दोन. चुन्याची पूड घाला. तळाला कोरलची वाळू असेल तर पीएच पडतच नाही. बुडबुडे वाढवा." हा संदेश ज्याला त्याला पुढे ढकलला जातोय. आता घरातल्याच एका नवख्या माणसाने तो खरा मानून चमचा हातात घेतलाय, तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

8.3 ही काही लक्ष्मणरेषा नाही. 7.8 ते 8.5 मध्ये टाक्या छान चालतात. दिवे चालू असताना शेवाळ आणि कोरल कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पीएच चढतो. सकाळी दिवे लागायच्या ऐन आधी तो सर्वांत खाली असतो. पहाटे 7.9, संध्याकाळी 8.2 हे दुखणं नव्हे. आणि प्रोब, म्हणजे मीटरची पाण्यात बुडवायची कांडी, पीएच 7 व 10 च्या द्रावणांत कॅलिब्रेट केलेला नसेल तर त्या आकड्यावर बोलणंच नको.

आता तो चमचा. खायचा सोडा वाढवतो ती अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद; तिलाच केएच म्हणतात आणि ती डीकेएच या एककात मोजतात. पीएच त्याने लगेच हलत नाही, उलट किंचित उतरतो. 100 लिटर पाण्यात 1 डीकेएच वाढवायला सोडा लागतो साधारण 3 ग्रॅम. 200 लिटरच्या टाकीत रोज 5 ग्रॅमचा चमचा म्हणजे रोज 0.8 डीकेएच. कोरल थोडे असतील तर 8 वरून आठवड्यात जवळजवळ 14! मग कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडायला लागतं, हीटरवर आणि पंपाच्या पंख्यावर पांढरं कवच चढतं, कॅल्शियम घसरतं, फांद्यांच्या कोरलची टोकं जळतात. पीएच मात्र जवळपास तिथेच, म्हणून संदेशाच्या आज्ञेनुसार दुसरा चमचा.

अर्धसत्य आहे, मान्य करतो: केएच जास्त असेल तर पीएचही थोडा वर राहतो. पण किती? हवा तीच ठेवून पीएच 0.3 ने वाढवायला केएच दुप्पट करावा लागतो, 8 चा 16. त्याच हिशेबाने कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला की पीएच 0.3 ने पडतो. बाहेरच्या हवेत तो 420 पीपीएमच्या आसपास असतो. दारं-खिडक्या बंद करून माणसं झोपलेल्या खोलीत 1000 सहज ओलांडतो. पीएच कुठे गेला ते यातच आलं.

ठरवायचं कसं? रीफ (कोरलच्या) टाकीच्या रसायनशास्त्रावर वर्षानुवर्षं लिहिणारे रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांची साधी चाचणी आहे. आधी केएच मोजा. 7 ते 11 मध्ये असेल तर सोड्याचा डबा बंद. मग भांडंभर टाकीचं पाणी घ्या, पीएच मोजा, घराबाहेर नेऊन तासभर एअर स्टोनने (बुडबुडे सोडणाऱ्या दगडाने) हवा सोडा, पुन्हा मोजा. चढला तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड जादा आहे. ताजं पाणी घेऊन हेच घरात करा. घरातही चढला तर टाकीत हवा कमी मिसळतेय. बाहेर चढला आणि घरात नाही, तर दोष खोलीच्या हवेचा. अशा वेळी त्याच हवेचे बुडबुडे वाढवून काय मिळणार? खिडकी उघडा, किंवा स्किमरची (हवेच्या फेसाने घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी घराबाहेर काढा. तेही जमत नसेल तर त्या नळीवर सोडा लाइमचा, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा, डबा बसवा. रंग बदलला की भरण बदला.

चुना कार्बन डायऑक्साइड खातो हे खरं, पण पूड टाकीत कधीच नाही. लिटरला दीड ग्रॅम गोड्या पाण्यात ढवळा, गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी बाष्पीभवनाच्या भरपाईत थेंब थेंब सोडा. त्याचा पीएच 12 च्या वर असतो, एकदम ओतलं तर माशांचे कल्ले भाजतील. कोरलच्या वाळूबद्दल एवढंच, की पीएच 8 ला ती विरघळतच नाही, मग सावरणार काय?

चमचे आधीच पडले असतील तर थांबा आणि केएच रोज मोजा. तो उतरवायला व्हिनेगर किंवा आम्ल टाकीत घालू नका, पीएच आणखी कोसळेल. कोरल आपापला केएच वापरतील. घाई असेल तर 7-8 केएचच्या पाण्याने थोडं थोडं पाणी बदला. हीटरवर कवच चढलं असेल तर आधी प्लग काढा, तो पूर्ण थंड होऊ द्या, मग टाकीबाहेर व्हिनेगरमध्ये भिजवा आणि गोड्या पाण्याने धुऊनच परत लावा.