पहिल्या महिन्याचा हिशेब वेगळा मांडा

शिकायला शहरात गेलेल्या मुलांच्या खर्चाची महिनावार यादी तुमच्या लेखात छान दिली आहे, पण ती नोकरदारांना बसते. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचे शेतकरी. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढे-मागे हातात येतो आणि पुण्याची मेस ऑगस्टपासूनच सुरू होते. मुलगा इंजिनिअरिंगला गेला तेव्हा सगळ्यात जास्त खर्च पहिल्याच महिन्यात झाला: खोलीचं डिपॉझिट, आगाऊ भाडं, मेसचे पैसे, गादी, बादली, पंख्याच्या रेग्युलेटरची दुरुस्तीसुद्धा! हिने वहीत लिहून ठेवलंय सगळं, म्हणून सांगता येतं. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून दिली, पण खोलीवर भाकरी करणार कोण?

शैक्षणिक कर्जाबद्दल एक कळकळीने सांगतो. आमच्या बँकेत आधी फक्त फी धरली होती. राहणं, जेवण, पुस्तकं, लॅपटॉप हेही कर्जात बसतं, तेव्हा अर्जासोबतच्या खर्चाच्या अंदाजात ते लिहूनच द्या. नंतर वाढवून घेताना फार हेलपाटे पडतात. दुसरं, शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं. समजा पहिल्या वर्षी १ लाख उचलले आणि दर १० टक्के, तर महिन्याला साधारण ८३३ रुपये. दूध डेअरीच्या पैशातून आम्ही तेवढे भरतो.

अल्पभूधारकांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचीही चौकशी जरूर करावी. आम्हाला ती उशिरा कळली.